दरवाजा दतियाचा, वाट ऑक्सफर्डची

झाशीच्या जुन्या शहरात पत्ता सांगायचा तर वेशीचं नाव घ्यावंच लागतं. ओरछा गेट, सागर गेट, भांडेर गेट, दतिया गेट. शिवाय आत की बाहेर तेही सांगायचं: 'दतिया गेट बाहर'. गंमत बघा, या दरवाजांना आत राहणाऱ्यांची नावं नाहीत. बाहेरची वाट ज्या गावाला जाते, त्या गावाचं नाव दरवाजाला. खंडेराव गेट तेवढं अस्सल मराठी नाव घेऊन उभं आहे.

या वेशींतून मराठी माणसं विद्येच्या आणि दक्षिणेच्या ओढीनं आली-गेली. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्यातलेच. घरी कर्ज, म्हणून मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेनं 1857 साली उत्तरेकडे निघाले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचं 'माझा प्रवास' छापून आलं ते थेट 1907 मध्ये. झाशीच्या राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाचा नाश झाला, त्याबद्दल त्यांनी हळहळून लिहिलं आहे.

दक्षिणा ही आपल्याकडची जुनी शिष्यवृत्तीच. पेशवाईत श्रावणात पुण्याला रमण्यात ती वाटली जायची. पेशवाई गेली, पण इंग्रजांनी तो निधी बंद केला नाही. त्यातूनच 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली आणि पुढे महाविद्यालयांत 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. न्या. रानडे दक्षिणा फेलो होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकरही. मूळ दक्षिणा मात्र फक्त ब्राह्मणांसाठी होती. शिक्षणासाठी पैसा आपल्याकडे पुष्कळ आधीपासून होता. वेशीच्या आत कुणाला घ्यायचं, वाद कायम त्याचाच होता.

'नारोशंकराची घंटा' म्हणजे खणखणीत आवाज, हे आपण सर्रास म्हणतो. ती घंटा नाशकात गोदेच्या काठी आहे. आणि हे नारोशंकर म्हणजे झाशीचे मराठा सुभेदार. तिथल्या किल्ल्याचा विस्तार त्यांनीच केला. त्याच नाशकात 1866 साली कॉर्नेलिया सोराबजी जन्मली. डेक्कन कॉलेजातून ती पहिली आली. पहिल्या येणाऱ्याला विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. कॉर्नेलियाला नाकारली, कारण ती मुलगी! शेवटी इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली, त्यात फ्लोरेन्स नाइटिंगेलचीही होती. 1889 मध्ये ती ऑक्सफर्डला पोचली. 1892 मध्ये तिथली कायद्याची बी.सी.एल. परीक्षा देणारी ती पहिली स्त्री. पदवी हातात कधी पडली? 1922 मध्ये. परीक्षा आणि पदवी यांत तीस वर्षं!

पण याच 1892 साली मुंबईत जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी निधी काढला. त्याचा लाभ पहिल्यांदा कुणाला मिळाला? दोन स्त्री डॉक्टरांना: फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. ही मदत कर्जाऊ असते. शिकून या, कमवा, परत करा. तुमच्या पैशातून पुढचा विद्यार्थी जाईल. मला ही पद्धत सगळ्यांत आवडते. याच टाटा निधीच्या मदतीनं जयंत नारळीकरही केंब्रिजला गेले. जन्म कोल्हापूरचा, वाढले झाशीसारख्याच उत्तर प्रदेशातल्या, मराठी घरं असलेल्या बनारसमध्ये.

अटी तर एकेकाच्या ऐकाव्यात. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कला पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. अट: परतल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी. त्याआधी काही वर्षं श्यामजी कृष्णवर्मांनी ज्या शिष्यवृत्त्या जाहीर केल्या, त्यांची अट नेमकी उलटी: परतल्यावर इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही! त्याच मंडळींतल्या सरदारसिंह राणांची 'शिवाजी शिष्यवृत्ती' घेऊन 1906 मध्ये सावरकर लंडनला गेले आणि तिथं बसून त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिला तो 1857 वर. म्हणजे झाशीच्या वेशीवरची लढाई टेम्सच्या काठी कागदावर उतरली. आणि आंबेडकरांची पुस्तकं? 1917 मध्ये ते परतत असताना त्यांची पुस्तकं वेगळ्या बोटीनं येत होती. पहिलं महायुद्ध चालू होतं. पाणतीरानं ती बोट बुडाली, पुस्तकं समुद्रतळाशी गेली.

दुसऱ्यांना समजून घ्यायला म्हणून गेलेला मराठी माणूस हवा असेल, तर विठ्ठल रामजी शिंदे. जमखिंडीचा हा मुलगा 1901 ते 1903 ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात होता, युनिटेरियन ख्रिस्ती मंडळींच्या शिष्यवृत्तीवर. विषय काय, तर जगातल्या धर्मांचा तौलनिक अभ्यास. परतल्यावर 1906 मध्ये त्यांनी मुंबईत अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी मिशन काढलं.

कमला सोहोनींचा प्रबंध माहीत आहे? केंब्रिज, 1939. पानं अवघी चाळीस! त्यावर त्या विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्यांवर त्या गेल्या होत्या. पुढे अमेरिकेतल्या विद्यापीठीय स्त्रियांच्या संघटनेनंही प्रवासवृत्ती दिली. ऑक्सफर्डची ऱ्होड्स शिष्यवृत्ती मात्र तेव्हा त्यांना मिळालीच नसती. ऱ्होड्सच्या मृत्युपत्रात फक्त पुरुष होते. माथेरानला जन्मलेले गिरीश कार्नाड तीच शिष्यवृत्ती घेऊन 1960 मध्ये गेले. ऱ्होड्सची वेस मुलींना उघडली 1977 मध्ये.

रोटरीची कथा अशी. संस्थापक पॉल हॅरिस 1947 मध्ये गेले, स्मृतिनिधी जमला आणि 11 देशांतले 18 विद्यार्थी 7 देशांत शिकायला निघाले. काम दोनच: शिकायचं, आणि तिथल्या क्लबांत जाऊन आपल्या देशाबद्दल बोलायचं. पुढं या यादीत जपानच्या सादाको ओगाता आल्या. निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या उच्चायुक्त झाल्या त्या याच.

उलट दिशेची गोष्ट पुण्याची, आणि माझी सगळ्यांत लाडकी. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक शां. ब. मुजुमदार वसतिगृहाचे रेक्टर होते. त्यांना दिसलं, एक मुलगी मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून आत काहीतरी देते आहे. चौकशी केली. आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीनं पडलेला. परक्या गावात त्याचं कुणी नाही, म्हणून ती डबा आणत होती. त्या खिडकीनं सरांना अस्वस्थ केलं. परदेशी मुलांना इथं आपलं माणूस मिळावं म्हणून 1971 मध्ये त्यांनी संस्था काढली आणि आपल्याच विषयातला शब्द तिला दिला: सिम्बायोसिस, सहजीवन.

आता दतिया गेटच्या आत किंवा बाहेर राहणाऱ्या आणि बुंदेलखंड विद्यापीठात शिकणाऱ्या मुलीनं काय करावं? अनुसूचित जातीतली असेल, तर केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती बघावी. ती 1954-55 पासून चालू आहे. तिची अनुसूचित जातीतलीच महाराष्ट्रातली मैत्रीण असेल, तर तिनं राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघावी, दरवर्षी 75 जागा. बाकीच्यांनी टाटा निधी, फुलब्राइट, ऱ्होड्स, रोटरी यांच्या तारखा आजच वहीत लिहून ठेवाव्यात. अर्ज मार्कांवाचून अडतात त्याहून जास्त तारीख उलटल्यामुळे राहतात. आणि कॉर्नेलियाच्या आठवणीसाठी एवढं सांगतो: केंद्राच्या त्या योजनेत 30 टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत.