डाव अर्ध्यावर असताना

ओतूर सोडून माळशेज घाटाकडे निघाले, की महामार्गावर आमचे डिंगोरे लागते. २०२४ च्या दिवाळीत गावच्या घरी सगळे जमलो होतो. दुपारी जेवणे झाल्यावर ओटीवर पुतण्याच्या मुलाने चार पोरे गोळा केली. मला वाटले, पत्त्यांचा डाव मांडणार. पण त्याने पिशवीतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढले, पेन्सिली काढल्या आणि वीस बाजूंचा एक फासा माझ्या हातावर ठेवला. असला फासा मी जन्मात पाहिला नव्हता.

खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो बाजारात आणला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसे व्हायचे. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक. काय साधले नि काय फसले, ते फासा आणि नियमांचे पुस्तक मिळून ठरवतात. एकच डाव दोनदोन वर्षे चालतो. आमच्या लहानपणी ओटीवर रात्र रात्र सारीपाट चालायचा, पण दोन वर्षे म्हणजे कमालच झाली.

मी विचारले, “छापील पुस्तक कशाला? तुमचे तर सगळे मोबाइलवर असते ना?”

तेव्हा त्याने त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली हकीगत सांगितली. हा खेळ आता विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीचा आहे. ‘डी अँड डी बियाँड’ नावाच्या तिच्या सेवेवर नियमांची पुस्तके पैसे भरून घेता येतात. आपल्या पात्राचा तक्ताही तिथेच ठेवता येतो. २०१४ च्या नियमांवर लोक दहा वर्षे खेळत होते. नवी आवृत्ती सप्टेंबर २०२४ मध्ये येणार होती. त्याआधीच कंपनीने जाहीर केले, की तक्त्यावरचे मंत्र आणि जादूच्या वस्तू नव्या नियमांप्रमाणे बदलतील. जुने पुस्तक वाचायला राहील, पण तक्त्यावर जुना मंत्र हवा असेल तर तो ज्याचा त्याने हाताने पुन्हा भरायचा.

एक उदाहरण त्याने दिले. जखमा भरून काढणारा एक मंत्र आहे. २०१४ च्या नियमांत त्याला आठ बाजूंचा एक फासा टाकायचा, नव्यात दोन.

“मग फायदाच झाला की!” मी म्हणालो.

“आबा, तुमचा सारीपाट अर्ध्यावर आलाय आणि पट विकणारा दुकानदार ओटीवर येऊन म्हणाला, उद्यापासून कवड्या दुप्पट मोजायच्या. चालेल?”

माझी बोलती बंद झाली. कारण आमच्या ओटीवर नियमांवरून भांडणे झालेली मी पाहिली आहेत. एकही सोंगटी मारल्याशिवाय सोंगटी घरात न्यायची नाही, हा आमच्या आजीचा नियम. पाहुण्यांकडे तसे नसायचे. पण जे काय ते पट अंथरण्याआधी ठरे. ज्याची ओटी, त्याचा नियम. डाव मध्यावर आल्यावर नियम काढणाऱ्याला आजी सरळ उठवून लावी. आमच्याच तालुक्यात नाणेघाटाच्या खडकात जुने पटखेळ कोरलेले आढळतात. ते खोदणाऱ्याने परत येऊन रात्रीत घरे वाढवली, असे काही व्हायची सोय नव्हती.

पैसे भरलेल्या लोकांनी एवढा गिल्ला केला, की कंपनीने काही दिवसांतच निर्णय फिरवला आणि जुने मंत्र तक्त्यावर राहू दिले. पण मला रुखरुख लागली ती निराळीच. निर्णय फिरवला, म्हणजे फिरवण्याची किल्ली कंपनीकडेच होती.

माझी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे डोके त्याच वाटेने चालते. बचत खात्याचा व्याजदर बदलतो, हे गिऱ्हाईक जाणते. मुदत ठेवीचे तसे नाही. पावतीवर जो दर लिहिला तो मुदतभर पाळायचा, मग बाहेर दर चढोत की उतरोत. ही डिजिटल पुस्तके विकताना शब्द वापरतात ‘खरेदी’चा, म्हणजे मुदत ठेवीच्या पावतीसारखा. आत बारीक टायपात असतो तो नुसता परवाना. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आला, की परवाना देत असाल तर तसे स्पष्ट सांगा, नुसते ‘खरेदी’ म्हणू नका. हे फार आधी व्हायला हवे होते. २००९ च्या जुलैत अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके गिऱ्हाइकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून. पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. पण एका शाळकरी मुलाने त्यातल्या एका पुस्तकावर केलेली टिपणे निराधार झाली, ती कोण भरून देणार?

इथवर लिहून थांबलो असतो तर साळसूद ठरलो असतो. पण मीही हेच केले आहे.

माझ्या एका कादंबरीत कर्जाच्या व्याजाचा हिशेब चुकला होता. बँकेतला माणूस, आणि व्याज चुकले! ई-पुस्तक निघाल्यावर प्रकाशक म्हणाले, दुरुस्ती कळवा, आधी घेतलेल्यांच्या प्रतीतही ती जाईल. मला कोण आनंद झाला! व्याज सुधारले. हात लागलाच होता म्हणून घर सोडणाऱ्या मुलीच्या हातात आई एसटीच्या भाड्याचे पैसे रुमालात बांधून देते, ते वाक्यही काढून टाकले. फार भावुक वाटायचे.

तीन महिन्यांनी नारायणगावच्या एका शिक्षिकेचे पत्र आले. “त्या वाक्याखाली मी खूण केली होती. आई अंथरुणावर होती तेव्हा ते पान तिला दोनदा वाचून दाखवलं होतं. आता शोधते तर वाक्यच नाही. माझ्याच डोक्यातून काही आलं होतं का?”

मी पत्र चारपाच वेळा वाचले. तिला काय लिहावे, सुचेना. वाक्य माझे होते हे खरे, पण पैसे तिने मोजले होते, आणि आईही तिचीच. प्रकाशकांना सांगून वाक्य परत घालता आले असते. म्हणजे पुन्हा तिला न विचारता तिच्या प्रतीत हात घालणे आलेच.

दिवाळीनंतर डिंगोऱ्याच्या घरातल्या फडताळात पहिल्या आवृत्तीची एक प्रत सापडली. कडा पिवळ्या पडल्या होत्या. वाक्य जागच्या जागी होते, व्याजाची चूकही. ती प्रत ओतूरच्या पोस्टातून रजिस्टरने तिला पाठवून दिली.