किल्लारीच्या बायका, दुर्बीण आणि सोनोग्राफी: तीन दशकांचा मागोवा

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे मराठवाड्यातल्या किल्लारीला भूकंप झाला. त्यानंतर घरं बांधली गेली, 52 गावं नव्या जागी वसली, मदतीचा हिशेब लागला. एक प्रश्न मात्र या हिशेबात सहज बसणारा नव्हता. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घेतलेल्या काही आयांची लेकरं ढिगाऱ्याखाली गेली होती. बंद केलेल्या नळ्या पुन्हा जोडता येतील का, हे त्यांना विचारायचं होतं. उत्तर मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: बाईचं वय आणि शिल्लक राहिलेल्या नळीची लांबी. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक टाके घालूनही मूल राहीलच, अशी हमी कुणाला देता येत नाही.

मराठवाड्यातल्या बाईची पोटात पाहणाऱ्या दुर्बिणीशी पहिली ओळख झाली ती कुटुंबनियोजनाच्या याच ऑपरेशनमुळे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत शिबिरं भरू लागली. बेंबीपाशी छोटा छेद, पोटात वायू, नळीवर रबरी रिंग, आणि बाई लवकर घरी. खरं तर पॅरिसमध्ये राऊल पामर यांनी 1940 च्या दशकात दुर्बीण वापरली ती वंध्यत्वाची कारणं शोधायला. आपल्याकडे ती आधी पाळणा थांबवायला आली. दुखणं शोधायला बऱ्याच उशिरा.

दुखणं होतंच. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायका तपासल्या. 92 टक्के जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. हा अभ्यास 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्याच सुमारास, 1988 मध्ये, अमेरिकेत हॅरी राईश यांनी दुर्बिणीतून पहिल्यांदा गर्भाशय काढलं. 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं आणि भारतात या शस्त्रक्रियांना वेग आला.

सोनोग्राफी आली ती वेगळंच सावट घेऊन. गर्भलिंग तपासणीवर महाराष्ट्राने 1988 मध्येच कायदा केला, देशाने 1994 मध्ये. तरीही 2011 च्या जनगणनेत मराठवाड्यातल्याच बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या फक्त 807. गाठ, गर्भपिशवीबाहेरचा गर्भ, खाली सरकलेली वार हे सारं दाखवणारं यंत्र आपण मुली शोधायला जुंपलं. पुढे सरकारी योजनांतून गरोदर बाईला सोनोग्राफी मोफत झाली, तेव्हा त्याचा खरा उपयोग खेड्यात पोचू लागला.

तिसरा टप्पा गर्भपिशवी काढण्याचा. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीडमधल्या ऊसतोड बायकांची माहिती घेतली. 82,309 पैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. अंगावरून पांढरं जाणं, कंबरदुखी, कॅन्सरची भीती, पाळीत बुडणारी मजुरी अशी कारणं त्यामागे होती. यातल्या बहुतेक तक्रारींवर आधी औषधं आणि साध्या तपासण्या असतात. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयंही गेली, तर ऐन तरुणपणी रजोनिवृत्ती येते आणि हाडं ठिसूळ होतात.

एकीकडे पिशव्या काढल्या जात असताना, मे 2017 मध्ये, पुण्यात गुजरातच्या एका तरुणीला तिच्या आईचं गर्भाशय बसवण्यात आलं. आईच्या पोटातून ते दुर्बिणीच्याच मदतीने काढलं होतं. 2018 मध्ये त्या तरुणीला मुलगी झाली.

तीस वर्षांत छेद लहान झाला, मुक्काम कमी झाला, पोटातलं पडद्यावर दिसू लागलं. ऑपरेशन हवं की नको, हे विचारायची सवय मात्र वाढली नाही. उलट ऑपरेशन सोपं झालं म्हणून निर्णयही घाईने होऊ लागला. म्हणून सांगणं एवढंच: रिपोर्टवर 'पिशवीला सूज' लिहिलंय म्हणून सही करू नका. औषधाने भागेल का, अंडाशय ठेवणार का, हे विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र तपासणीसाठी एक दिवसही थांबू नका.