विशेष अधिवेशन आणि त्याची विषयपत्रिका



ग्रामपंचायतीच्या किंवा सहकारी सोसायटीच्या सभेची नोटीस आपण सर्वांनीं पाहिली असेल. विषय अनुक्रमानें मांडलेले असतात आणि अगदीं शेवटीं एक ठरावीक ओळ असते : "अध्यक्षांच्या परवानगीनें ऐन वेळीं येणारे विषय." शाळेंत शिक्षक असतांना अशा कित्येक नोटिसा मीं स्वतः लिहिल्या. परंतु सभा 'विशेष' असली म्हणजे ती शेवटची ओळ गाळावी लागे. ज्या कामासाठीं विशेष सभा बोलाविली तेवढेंच काम तींत चालावयाचें, असा शिरस्ता होता. राज्याच्या विधिमंडळाचें विशेष अधिवेशन समजून घेतांना ही गाळलेली ओळ ध्यानांत ठेवणें उपयोगी पडेल.

ता. २० फेब्रुवारी २०२४ रोजीं मुंबईस आपल्या विधिमंडळाचें एक दिवसाचें विशेष अधिवेशन भरलें होतें. त्या दिवशीं संध्याकाळीं आमच्या हिंगोली जिल्ह्यांत, वसमतेकडील एका गांवीं, पारावर तोच विषय चालला होता. हळद पिकविणारे एक शेतकरी मला म्हणाले, "गुर्जी, येवढी मोठी सभा भरली, मंग आमच्या हळदीच्या भावाचं कोनी कामून बोललं नाई?" त्या वेळीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. पुढें वाचून, विचारून जें समजलें, तें आज आपल्यापुढें ठेवितों.

आपल्या राज्यघटनेंत राज्य विधिमंडळाच्या 'विशेष अधिवेशना'ची व्याख्या कोठेंही केलेली नाहीं. अनुच्छेद १७४ एवढेंच सांगतो कीं, राज्यपालांनीं वेळोवेळीं सभागृहास बोलवावें, आणि एका अधिवेशनाची शेवटची बैठक व पुढच्या अधिवेशनाची पहिली बैठक यांत सहा महिन्यांचें अंतर पडूं देऊं नये. महाराष्ट्रांत मुंबईचें अर्थसंकल्पी, तेथीलच पावसाळी आणि नागपूरचें हिवाळी अशीं तीन अधिवेशनें नेहमींचीं. यांखेरीज एखाद्या निकडीच्या कामाकरितां जें बोलाविलें जातें, त्यास व्यवहारांत विशेष म्हणतात.

मग त्याचे विषय ठरवितो कोण? पहिला हात मंत्रिमंडळाचा. अधिवेशनाच्या आदेशावर सही राज्यपालांची असली, तरी अनुच्छेद १६३ प्रमाणें ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें चालतात. अधिवेशन केव्हां व कशासाठीं, हें प्रथम मंत्र्यांच्या बैठकींत ठरतें. दुसरा हात सभागृहाचा. विधानसभेचे अध्यक्ष आणि विधान परिषदेचे सभापति यांच्या प्रमुखत्वाखालीं कामकाज सल्लागार समिति असते. तींत निरनिराळ्या पक्षांचे सदस्य बसतात आणि कोणत्या कामास किती वेळ द्यावा हें ठरवितात. त्यानुसार त्या दिवसाचा कामकाजाचा क्रम छापला जातो. तिसरा हात खुद्द घटनेचा. वर्षाच्या पहिल्या अधिवेशनाचा आरंभ राज्यपालांच्या अभिभाषणानें झालाच पाहिजे, असा अनुच्छेद १७६ चा दंडक आहे. म्हणूनच २० फेब्रुवारीस, अधिवेशन एकाच विषयाचें असूनही, आधीं राज्यपाल श्री. रमेश बैस यांचें अभिभाषण झालें.

मुख्य विषय होता मराठा समाजास शिक्षणांत व नोकऱ्यांत १० टक्के आरक्षण देणारें विधेयक. न्यायमूर्ति सुनील शुक्रे यांच्या अध्यक्षतेखालील राज्य मागासवर्ग आयोगाच्या अहवालावर तें आधारलेलें होतें. दोन्ही सभागृहांनीं तें त्याच दिवशीं एकमतानें मंजूर केलें. परंतु सगेसोयऱ्यांनाही कुणबी दाखले मिळावेत ही जी श्री. मनोज जरांगे पाटील यांची मागणी होती, ती त्या विधेयकांत नव्हती. तिच्यासंबंधीं अधिसूचनेचा मसुदा २६ जानेवारीस निघाला होता, तो तसाच बाजूस राहिला. ज्या आंदोलनामुळें अधिवेशन भरलें, त्याचीही एक मोठी मागणी विषयपत्रिकेबाहेर राहूं शकते, हें येथें दिसून येतें.

कधीं कधीं विषय दिल्लीहून लिहून येतो. २९ ऑगस्ट २०१६ रोजीं आपलें विधिमंडळ वस्तु व सेवा कराच्या घटनादुरुस्तीस संमति देण्याकरितां भरलें होतें. ८ जानेवारी २०२० रोजीं अनुसूचित जाति व जमाति यांच्या राखीव जागांची मुदत दहा वर्षांनीं वाढविणाऱ्या दुरुस्तीकरितां भरलें. आधींची मुदत त्याच महिन्याच्या २५ तारखेस संपत होती, म्हणून ती घाई. अशा दुरुस्तीस निम्म्या राज्यांची तरी संमति लागते; मात्र राज्यास तिच्यांतील एक अक्षरही बदलतां येत नाहीं. 'होय' किंवा 'नाहीं', एवढेंच उत्तर द्यावयाचें असतें.

आतां थोडा वादाचा भाग. राज्यपालांनीं स्वतःच विषय ठरविला तर? अरुणाचल प्रदेशांत १४ जानेवारी २०१६ रोजीं भरावयाचें अधिवेशन तेथील राज्यपालांनीं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावांचून १६ डिसेंबर २०१५ वर आणलें आणि अध्यक्षांना दूर करण्याचा ठराव प्रथम घ्यावा असा संदेश पाठविला. सर्वोच्च न्यायालयानें १३ जुलै २०१६ रोजीं हें सर्व घटनाबाह्य ठरविलें. आपल्याकडे २८ जून २०२२ रोजीं तत्कालीन राज्यपाल श्री. भगतसिंह कोश्यारी यांनीं पत्र पाठविलें कीं, ३० जूनला सकाळीं ११ वाजतां विशेष अधिवेशन घ्यावें आणि त्यांत विश्वासदर्शक ठराव हाच एकमेव विषय असावा. मुख्यमंत्री श्री. उद्धव ठाकरे यांनीं २९ तारखेच्या रात्रीं राजीनामा दिल्यामुळें तें अधिवेशन झालेंच नाहीं. पुढें ११ मे २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, त्या वेळीं बहुमताची परीक्षा मागण्याजोगा आधार राज्यपालांपुढें नव्हता. परंतु राजीनामा स्वेच्छेनें दिलेला असल्यामुळें जुनें सरकार परत आणतां येत नाहीं. एका ओळीच्या विषयपत्रिकेंत केवढें सामर्थ्य असतें, तें यावरून कळेल.

अमेरिकेंतील टेक्सास राज्याची रीत याहून निराळी. तेथें गव्हर्नर लोकांनीं निवडलेला असतो. विशेष अधिवेशनाच्या जाहीरनाम्यांत तो जे विषय नमूद करतो, त्यांच्याबाहेर विधिमंडळास कायदा करतां येत नाहीं, आणि तें अधिवेशन ३० दिवसांहून अधिक चालत नाहीं. आपल्याकडे घटनेनें असें कुंपण घातलेलें नाहीं. तरीही वेळ एका दिवसाचा आणि विषय एक, म्हणून तोच परिणाम होतो. तारांकित प्रश्नाची लेखी सूचना पुष्कळ दिवस आधीं द्यावी लागते. लक्षवेधी सूचनेस, अर्ध्या तासाच्या चर्चेस सवड लागते. एक दिवसाच्या अधिवेशनांत यांना सहसा जागा उरत नाहीं. सरकार सभागृहास एक प्रश्न विचारतें. सभागृहानें सरकारास विचारावयाचे प्रश्न मात्र थांबून राहतात.

निकडीच्या कामीं हें क्षम्य आहे, कित्येकदां इष्टही आहे. परंतु विशेष अधिवेशनाची बातमी वाचतांना आपण दोन गोष्टी पाहाव्यात : विषयपत्रिकेंत काय आहे, आणि जें तींत नाहीं तें पुढें कोणत्या अधिवेशनांत व कोणाकडून निघणार आहे.

कांहीं दिवसांनीं ते शेतकरी पुन्हां भेटले. त्यांना म्हटलें, "दादा, ती एका कामाची सभा होती. तुमचा विषय तींत बसणारा नव्हता. आतां अर्थसंकल्पाचें अधिवेशन भरतें आहे. वसमत, कळमनुरी, हिंगोली असे आपले तीन आमदार आहेत. हळदीच्या भावाचा प्रश्न लिहून त्यांच्या हातीं द्या, आणि तो कोणत्या तारखेस लागला तें विचारीत राहा." ते म्हणाले, "लिहून तुमी द्या गुर्जी, सह्या आमी गोळा करतो." त्याच रात्रीं अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत त्यावर सह्यांस जागा उरली नव्हती.