क्रम आणि चूक

दप्तरात नोंद असणे आणि ती हवी तेव्हा सापडणे, या दोन निराळ्या गोष्टी होत. दुसरी साधावयाची तर नोंदींना क्रम लावावा लागतो. पूर्वी हे काम जाणता कारकून करी. आता ते संगणक करतो. आज्ञेतील उणीव कारकून व्यवहारज्ञानाने भरून काढी. यंत्र मात्र सांगितले तेवढेच करते. म्हणूनच त्याला कसे सांगावे हे शिकविणाऱ्या माहितीपुस्तिकेतील एकेका शब्दाला मोल येते.

संगणकातील कोष्टकांतून माहिती काढण्यासाठी ‘एसक्यूएल’ नावाची भाषा वापरतात. तिच्यात ‘ऑर्डर बाय’ हे शब्द क्रमाचा आदेश देतात. वेगळे काही न सांगितल्यास क्रम चढता धरला जातो. उतरता हवा असल्यास तशी खूण करावी लागते, आणि ती खूण ज्या रकान्यापुढे लिहिली त्या एकट्यालाच लागू होते. एखाद्या पुस्तिकेत चुकून ‘ही खूण पुढील सर्व रकान्यांना लागू होते’ असे छापले गेले, तर काय होईल? समजा, उमेदवारांची गुणानुक्रमे यादी करावयाची आहे आणि समान गुण असल्यास वयाने मोठा उमेदवार वर, असा नियम आहे. पुस्तिकेवर विसंबणारा मनुष्य गुणांपुढे खूण करील, वयापुढे करणार नाही. यादीत गुण बिनचूक उतरत जातील; मात्र समान गुणांच्या ठिकाणी धाकटा वर चढेल. यंत्र तक्रार करणार नाही, यादी नीटनेटकी दिसेल, आणि अखेरची जागा भलत्यालाच मिळेल.

रिकाम्या रकान्याचेही असेच आहे. ‘पोस्टग्रेस’ ही प्रणाली रिकामी नोंद सर्वांत मोठी मानते, तर ‘मायएसक्यूएल’ सर्वांत लहान. उतरत्या क्रमात पहिलीच्या यादीत गुण न नोंदलेला उमेदवार शिरोभागी बसतो, दुसरीच्या यादीत तळाशी जातो. ‘रिकाम्या नोंदी शेवटी येतात’ हे सरसकट विधान म्हणूनच अपुरे ठरते.

मराठी नावांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच पुढे आहे, मराठी वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते. ‘क्ष’ हे तर यंत्राच्या दृष्टीने ‘क’पासून सुरू होणारे जोडाक्षर होय. केवळ संकेतांकांनुसार क्रम लावला, तर क्षीरसागर हे आडनाव खरे या आडनावाच्या आधी येते. यादीच्या शेवटी ते शोधणाऱ्याला ते सापडत नाही, आणि असलेली नोंद ‘नाही’ ठरते. पुस्तिकेत नुसते ‘अकारविल्हे’ लिहून भागत नाही. कोणत्या नियमाने, तेही सांगावे लागते.

डोनाल्ड नूथ या संगणकशास्त्रज्ञाच्या प्रसिद्ध ग्रंथमालेचा तिसरा खंड १९७३ मध्ये निघाला. त्याचा विषयच क्रम लावणे आणि शोधणे हा आहे. आपल्या ग्रंथातील चूक प्रथम दाखविणाऱ्यास २ डॉलर ५६ सेंट देण्याची प्रथा नूथ यांनी पाडली. छपाईची चूकही त्यातून वगळली नाही. २००८ पासून धनादेशाऐवजी ते एका काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र देऊ लागले. तरीही त्याचा मान उणावला नाही.

या प्रथेमागील दृष्टी प्रत्येक पुस्तिकाकाराने घ्यावी अशी आहे. उदाहरण छापण्यापूर्वी ते चारपाच नोंदींवर चालवून पाहावे. त्यांत समान गुणांची एक जोडी आणि एक रिकामा रकाना मुद्दाम असावा. चूक कळताच दुरुस्ती तारखेसह नोंदवावी. कोलमडलेली यादी कोणीही ओळखतो. सुबक दिसणारी चुकीची यादी मात्र सही होऊन पुढे जाते.