गावच्या शिवारात सोलर प्लेटा बसवायच्या असतील तर

उज्जैन गाव कर्कवृत्ताच्या अगदी लगत दक्षिणेला आहे. जून महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी तेथे उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखालीच राहते. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात तेथे वेधशाळा बांधली, ती सूर्याची चाल मोजण्यासाठी. आता त्याच सूर्यावर वीज तयार करण्यासाठी माळव्यात जमिनी मोजल्या जात आहेत. उज्जैन विभागातील आगर, शाजापूर आणि नीमच या तीन जिल्ह्यांत मिळून १,५०० मेगावॉटचे सौर प्रकल्प ठरले: आगर ५५०, शाजापूर ४५० आणि नीमच ५००. त्यांच्या बोली २०२१ मध्ये झाल्या. नीमचचा दर युनिटला २ रुपये १५ पैशांच्या आसपास आला, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. एका मेगावॉटला चार ते पाच एकर जमीन लागते. म्हणजे या तीन प्रकल्पांनाच ढोबळ हिशेबाने सहा ते साडेसात हजार एकर जमीन हवी.

मोठ्या प्रकल्पांचे निर्णय भोपाळला होतात. त्यात आपल्याला फारसे विचारले जात नाही. पण लहान प्रकल्प, म्हणजे अर्धा ते दोन मेगावॉटचे, आता गावोगाव येऊ लागले आहेत, आणि त्यांच्यासाठी दलाल थेट शेतकऱ्याच्या ओट्यावर येऊन बसतो. म्हणून शेतकरी बांधवांनी हा विषय नीट समजून घेणे जरूर आहे. ‘आमच्या शेजाऱ्याने जमीन सोलरला दिली तर आम्हाला काही म्हणता येते का?’ हा प्रश्न आता अनेक गावांत विचारला जातो. त्याचे उत्तर ‘येते, पण वेळेवर बोलले तर’ असे आहे.

अमेरिकेत याला निराळी रीत आहे. तेथे बहुतेक राज्यांत काउंटी किंवा टाउनशिप, म्हणजे आपल्या जिल्हा पंचायतीसारखी स्थानिक सभा, कोणत्या भागात काय बांधता येईल याचा लेखी नियम करते. सोलरसाठीही असे नियम झाले: रस्त्यापासून किती दूर, शेजाऱ्याच्या घरापासून किती दूर, कुंपण किती उंच, आणि प्रकल्प संपल्यावर सांगाडे कोण उचलणार. यावर तेथील सभांमध्ये रात्री उशिरापर्यंत वाद चालतात. २०२१ मध्ये ओहायो राज्याने काउंट्यांना मोठे सौर प्रकल्प नाकारण्याचा अधिकार दिला. उलट मिशिगनने २०२३ मध्ये कायदा करून मोठ्या प्रकल्पांबाबत गावसभांचे पुष्कळसे अधिकार राज्याकडे घेतले, तो नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाला. इटलीने २०२४ मध्ये शेतजमिनीवर जमिनीलगत प्लेटा बसवण्यावर मोठे निर्बंध आणले. जपानची रीत मला सर्वांत शहाणपणाची वाटते. तेथे २०१३ पासून शेतावर उंच खांबांवर प्लेटा बसवता येतात, मात्र खालचे पीक नेहमीच्या उत्पन्नाच्या ८० टक्क्यांखाली जाता कामा नये.

आपल्याकडे सोलरचा असा वेगळा गावनियम नाही. मध्य प्रदेशात १९७३ चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम आहे. त्याखाली शहराभोवतीच्या ठरलेल्या क्षेत्राची विकास योजना होते. उज्जैनची २०३५ सालापर्यंतची योजना २०२३ मध्ये मंजूर झाली. नकाशावर रंग भरून शेती कोठे, वस्ती कोठे हे ठरते. त्या नकाशाबाहेरच्या गावांत मात्र रंगही नाही आणि नियमही नाही. तेथे भू-राजस्व संहितेच्या कलम ५९ खाली जमिनीचे ‘व्यपवर्तन’ करायचे, म्हणजे शेतीची जमीन दुसऱ्या उपयोगाला लावल्याची नोंद करायची, एवढेच. २०१८ च्या दुरुस्तीनंतर तर मालकाने स्वतः आकारणी करून रक्कम भरली आणि कळवले की काम होते. शेजाऱ्याला पत्ता लागतो तो कुंपणाचे खांब रोवले जातात तेव्हा.

नकाशाचा प्रश्न किती पेटू शकतो हे उज्जैनकरांनी नुकतेच पाहिले. २०२८ च्या सिंहस्थासाठी शेतजमिनी एकत्र करून घेण्याची योजना निघाली, शेतकरी रस्त्यावर उतरले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारला ती मागे घेण्याची घोषणा करावी लागली. तो विषय सोलरचा नव्हता. पण जमिनीचा उपयोग ठरवताना आधी विचारा, एवढीच त्या शेतकऱ्यांची मागणी होती.

महाराष्ट्रातील आपल्या वाचकांना मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना ठाऊक असेल. ती २०१७ मध्ये निघाली आणि २०२३ मध्ये तिचे दुसरे पर्व सुरू झाले. वीज उपकेंद्राजवळची जमीन भाड्याने घ्यावयाची, तेथे सौर वीज करावयाची आणि ती शेतीपंपांना दिवसा द्यावयाची, असा तिचा बेत आहे. भाडे हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये, म्हणजे एकरी सुमारे ५०,००० रुपये, आणि दर वर्षी ३ टक्के वाढ. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होईल तिला तीन वर्षे दर वर्षी ५ लाख रुपये. दिवसा वीज मिळणे ही काही लहान गोष्ट नव्हे. गव्हाला पाणी देण्यासाठी डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रात्री दोन वाजता बांधावर उभे राहणे, ओल्या पायांनी स्टार्टरला हात लावणे, अंधारात साप किंवा विंचू पायाखाली येणे, हे ज्यांनी सोसले आहे त्यांना निराळे सांगावयास नको. या एका कारणासाठीही सोलरला ‘नको’ म्हणणे मला पटत नाही. प्रश्न जागेचा आहे.

आता पैशांचा हिशेब पाहू. माळव्यात कोरडवाहू एकरात सोयाबीन पाच क्विंटल आणि जेमतेम पाण्यावर पंधरा क्विंटल गहू आला असे धरा. बियाणे, खत, फवारणी, काढणी, मजुरी वजा जाता चांगल्या वर्षीही एकरी पस्तीस-चाळीस हजारांच्या वर हातात राहणे कठीण. त्यापुढे एकरी पन्नास हजारांचे निश्चित भाडे मोठे वाटते. शिवाय दर वर्षी ३ टक्के वाढले की पंचविसाव्या वर्षी ते सुमारे दुप्पट होते. परंतु महागाई त्याहून जोरात वाढली तर ते दुप्पट भाडेही आजच्यापेक्षा कमीच ठरेल. विहीर चांगली असेल आणि लसूण, बटाटा, कांदा निघत असेल तर सोलरला जमीन देणे बहुधा तोट्याचेच. हा हिशेब प्रत्येकाने आपल्या वहीवर करावा, दलालाच्या कागदावर नव्हे.

आणि या हिशेबात एक माणूस कोठेच येत नाही. तो म्हणजे बटाईदार. ज्याची स्वतःची जमीन नाही, जो अर्ध्या वाट्याने दुसऱ्याची जमीन कसतो, त्याचे नाव खसऱ्यावर नसते. भाडे मालकाला मिळते, आणि मालक पुष्कळदा उज्जैनला किंवा इंदूरला राहतो. बटाईदाराला आणि निंदणी-कापणीच्या बायांना काय मिळते? कुंपण. दहा एकरांचा प्रकल्प झाला की सोयाबीनच्या काढणीची रोजी जाते आणि त्या जागी एखादा चौकीदार व प्लेटा धुणारे दोघे-तिघे लागतात. गावात सभा होईल तेव्हा या माणसांचे बोलणे आधी ऐकावे, असे मला वाटते. ती मागे बसतात आणि सहसा बोलत नाहीत.

दुसरा मोठा घोटाळा ‘पडीक’ या शब्दाचा आहे. सरकारी कागदावर जी पडीक, ती गावाच्या दृष्टीने क्वचितच पडीक असते. तिच्यावर शेळ्या चरतात, गवऱ्या वाळतात, सरपण मिळते. मध्य प्रदेशच्या संहितेच्या कलम २३७ प्रमाणे गावच्या शेतजमिनीच्या किमान २ टक्के चरनोई राखून ठेवावी लागते. महाराष्ट्रात तिलाच गायरान म्हणतात, आणि तेथे सौर प्रकल्पाला गायरान देण्यास अनेक गावांनी विरोध केला आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपालसिंह खटल्यात गावच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटवण्याविषयी सर्व राज्यांना स्पष्ट बजावले होते. रतलाम जिल्ह्यात सैलान्याजवळ खरमोर पक्ष्यासाठी १९८३ मध्ये अभयारण्य केले, ते अशाच गवताळ माळावर. लांबून पाहणाऱ्याला तेथेही फक्त ओसाड रानच दिसेल.

केंद्राच्या कुसुम योजनेत (ही २०१९ मध्ये सुरू झाली) अर्धा ते दोन मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी नापीक जमिनीला पसंती दिली होती. पिकाऊ जमीन घ्यायची तर प्लेटा उंच खांबांवर आणि ओळींत पुरेसे अंतर ठेवून बसवाव्यात, म्हणजे खाली पीक घेता येईल, असे तिच्या नियमांत होते. ही अट गावाने लक्षात ठेवावी. कंत्राटदार ती स्वतःहून सांगत नाही, कारण उंच लोखंडाला खर्च जास्त येतो.

सावलीचेही गणित आहे आणि ते सोपे आहे. आपल्याकडे प्लेटा दक्षिणेकडे तोंड करून तिरप्या लावतात, म्हणून सावली उत्तरेकडे पडते. डिसेंबरच्या अखेरीस उज्जैनला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४३ अंशांवरच असतो. तीन मीटर उंचीच्या सांगाड्याची सावली तेव्हा तीन मीटरहून थोडी जास्त पडते. सकाळी नऊला ती तिरपी होऊन उत्तरेकडे चार मीटरच्या पुढे जाते. नेमका हाच गव्हा-हरभऱ्याचा काळ. म्हणून उत्तरेच्या बांधापासून निदान पाच मीटर जागा मोकळी सोडण्याची अट शेजाऱ्याने मागावी. दक्षिणेच्या बांधाला एवढी गरज नाही.

काळ्या मातीचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. प्लेटेवरचे पाणी खालच्या कडेवरून एकाच रेषेत पडते. दहा मिलिमीटर पाऊस झाला तरी एका एकरावर चाळीस हजार लिटर पाणी येते. ते एकाच रेषेत पडत राहिले तर एका पावसाळ्यात घळ पडते आणि माती खालच्या शेतात जाते. प्लेटांखाली गवत राखले, उताराला आडवे चर काढले आणि जुना नाला न बुजवता ठेवला तर हे टळते. कुंपणाने बैलगाडीची किंवा ट्रॅक्टरची जुनी वाट बंद होत असेल तर कलम १३१ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. ती खांब रोवण्याआधी मागितलेली बरी.

आता आरोग्याचे. प्लेटांमधून ‘किरण’ निघतात आणि गाई गाभण राहत नाहीत, असे काही ठिकाणी बोलतात. यात तथ्य नाही. प्लेट ऊन घेते आणि वीज देते, बाहेर काही सोडत नाही. काळजी करावयाची ती तणनाशकाची. प्लेटांखालचे गवत कापण्याऐवजी कंत्राटदार औषध मारतो, आणि पावसाबरोबर ते उताराच्या विहिरीत उतरू शकते. करारात ‘गवत कापावे किंवा मेंढ्या चाराव्यात, औषध मारू नये’ अशी ओळ घालण्यास पैसे लागत नाहीत. प्लेटा धुण्यास हजारो लिटर पाणी लागते. ते कोठून घेणार, कोणत्या बोअरमधून, हेही लिहून घ्यावे. फुटलेल्या प्लेटेच्या डाखात शिसे असते. तिचे तुकडे बांधावर टाकू देऊ नयेत, भंगारवाल्यालाही देऊ नयेत. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर प्लेटांची विल्हेवाट उत्पादकावर टाकली आहे.

करार बहुधा पंचवीस वर्षांहून अधिक काळाचा असतो. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदणी केल्याशिवाय कोर्टात टिकत नाही. जमिनीवर बँकेचे किंवा सोसायटीचे कर्ज असेल तर आधी त्यांचे लेखी पत्र घ्यावे. कंपनीने करार दुसऱ्या कंपनीला विकला तर भाडे कोण देणार, मध्येच काम बंद पडले तर काय, आणि शेवटी काँक्रीट व लोखंड उपसून जमीन नांगरण्यालायक कोण करून देणार, हे तीन प्रश्न मराठीत किंवा हिंदीत, ज्याला जी भाषा कळते त्या भाषेत, वाचून घ्यावेत. शेवटच्या कामासाठी अनामत रक्कम मागावी. पंचवीस वर्षांनी सही करणारा साहेब सापडत नाही, आणि सही करणारा शेतकरीही कदाचित नसेल. मुलांना म्हणूनच त्या बैठकीत जवळ बसवावे.

ग्रामसभेत हा विषय घ्यावयाचा तर अर्ज लेखी द्यावा, त्याची पोहोच घ्यावी, आणि ठराव वहीत लिहिला गेला की नाही हे त्याच दिवशी पाहावे. ठरावात बांधापासूनचे अंतर मीटरमध्ये लिहावे, ‘पुरेसे अंतर’ असे लिहू नये. चरनोईचा सर्व्हे नंबर लिहावा.

एक शेवटची सूचना, विशेषतः मुले असलेल्या घरांसाठी. प्लेटेवर ऊन पडत आहे तोवर तिच्यात वीज तयार होत असते; मुख्य बटण बंद केले तरी प्लेटेपासून बटणापर्यंतच्या तारेत ती असतेच. वादळात सांगाडा पडला किंवा पुराचे पाणी आत शिरले तर गुरे सोडवण्यासाठीसुद्धा कुंपणाच्या आत जाऊ नये. वीज कंपनीला आणि प्रकल्पाच्या माणसाला कळवावे, तारेला हात लावू नये, आणि रबरी चपला घातल्या आहेत म्हणून निर्धास्त होऊ नये.