द्रव-स्फटिकाचा प्रवाह कसा मोजतात?

कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर बोट दाबले की भोवती डाग उमटतात. आतल्या काचा जवळ येतात, मधला द्रव-स्फटिक सरकतो आणि त्याचे रेणू वळतात. हाच प्रवाह एखादा संशोधक विद्यार्थी कसा मोजतो, ते आपण क्रमाने पाहू.

द्रव-स्फटिक वाहतो द्रवासारखा, पण त्याच्या रेणूंत स्फटिकासारखी शिस्त असते. 1888 मध्ये फ्रीडरिश रायनित्झर यांना कोलेस्टेरिल बेन्झोएट दोनदा वितळताना दिसले: 145.5 अंशांना गढूळ, 178.5 अंशांना स्वच्छ. ती गढूळ अवस्था म्हणजेच द्रव-स्फटिक. 1977 मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी चकतीसारख्या रेणूंचे द्रव-स्फटिकही दाखवले.

पहिला टप्पा, पदार्थ. बरेच जण फाइव्ह-सीबी नावाचा द्रव-स्फटिक घेतात. हा साधारण 24 ते 35 अंश सेल्सिअसमध्ये नेमॅटिक असतो, म्हणजे त्याचे लांबट रेणू ढोबळमानाने एकाच दिशेला तोंड करून असतात. चूक इथेच सुरू होते. मे महिन्यात अंधेरीतली बिनएसीची खोली 35 अंशांच्या आसपास जाऊ शकते. तेवढ्याने रेणूंची शिस्त मोडते आणि आपण साधा द्रव मोजत बसतो. म्हणून नमुना तापमान नियंत्रित राहील अशा पाटावरच ठेवावा.

दुसरा टप्पा, काचा. दोन काचांवर पॉलिइमाइडचा पातळ थर देऊन तो मखमलीच्या कापडाने एकाच दिशेने घासतात. रेणू त्या दिशेला लागतात. कापड मागेपुढे फिरवू नये आणि काचेवर बोटांचे ठसे उमटू देऊ नयेत.

तिसरा टप्पा, भरणे. काचांमधल्या फटीत द्रव आपोआप ओढला जातो. पण नेमॅटिक असताना भरला, तर भरतानाच्या वाहण्याची दिशा आत राहून जाते. म्हणून 35 अंशांच्या वर तापवून भरावा आणि सावकाश थंड करावा.

चौथा टप्पा, तपासणी. ध्रुवक म्हणजे एकाच पातळीत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी पट्टी. दोन ध्रुवक एकमेकांना काटकोनात ठेवून मध्ये नमुना फिरवावा. मांडणी चांगली असेल, तर तो सगळीकडे सारखाच उजळतो आणि काळा पडतो. वेड्यावाकड्या दोऱ्यांसारख्या रेषा दिसल्या, तर नमुना पुन्हा करावा.

पाचवा टप्पा, प्रवाह. सिरिंज पंपाने द्रव हळूच ढकलून त्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, मोजतात. मारियान मिएंसोविच यांनी 1946 मध्ये अशा द्रवाच्या तीन श्यानता मांडल्या. रेणू प्रवाहाच्या दिशेने असतील तर विरोध सर्वांत कमी असतो, भिंतींना काटकोनात उभे असतील तर कितीतरी पटींनी जास्त, आणि भिंतींना समांतर पण प्रवाहाला आडवे असतील तर मधला.

जोराचा प्रवाह रेणूंनाच वळवतो, म्हणून सुरुवात मंद वेगाने करावी. एकटा आकडा मात्र निरुपयोगी ठरतो. वहीत प्रत्येक श्यानतेसमोर तापमान, रेणूंची दिशा आणि वेग लिहिले, तरच आपला आकडा दुसऱ्याला पडताळता येईल.