जुन्या क्वाडचे शॉक: आधी ओळख, मग पाना

शॉक ॲब्जॉर्बर नाशिकला नवे नाहीत. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गॅब्रिएल इंडियाचा दुचाकींसाठी शॉक बनवणारा कारखाना आहे. तरीही जुनी स्पोर्ट क्वाड (चार चाकांची एटीव्ही) घेणारा आधी इंजिनाचा आवाजच ऐकतो.

जुन्या गाडीवर कंपनीचेच शॉक असतील असे नाही. त्यामुळे आधी नळीवरचा नंबर पुसून वाचा. चाके अधांतरी ठेवून दोन्ही टोकांच्या बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत लांबी मोजा आणि पुढची जोडी सारखी आहे ना ते बघा. दांड्यावर तेलाचा ओला थर दिसला तर सील गेले. शॉकला नायट्रोजन भरलेली टाकी असेल तर ती घरी उघडू नका. आत बराच दाब असतो.

ॲडजस्टमेंटची सुरुवात स्प्रिंगवरच्या रिंगपासून. ती आवळली की स्प्रिंग कडक होते, हा गॅरेजमधला लाडका गैरसमज. कडकपणा तोच राहतो, फक्त गाडी वर उचलली जाते. चालवणारा बसल्यावर चाकाच्या एकूण हालचालीपैकी साधारण तिसरा हिस्सा दबला पाहिजे. मॅन्युअल असेल तर त्यातला आकडा धरा. रिंग हुकपान्यानेच फिरवा. छिन्नी-हातोडीने खाचा कायमच्या जातात.

मग रिबाउंडचा, म्हणजे दबलेला शॉक परत उघडण्याचा वेग ठरवणारा स्क्रू. हलक्या हाताने पूर्ण बंद करा, बंद होईपर्यंतचे क्लिक मोजून लिहून ठेवा, मग तितकेच उघडा. खड्ड्यानंतर मागची बाजू उसळत असेल तर एक-दोन क्लिक बंद करा. ओळीने आलेल्या खड्ड्यांत गाडी खाली बसत जात असेल तर उघडा. एका वेळी एकच बदल, आणि चाचणी त्याच कच्च्या रस्त्यावर.